हजेरीपटावरील नाव

गेल्या दहाबारा वर्षांत आपल्या शहरांतून एका नव्या प्रकारची उपाहारगृहे निघू लागली आहेत. गल्ल्यावर, पाकगृहात आणि मेजांभोवती तेथे जे तरुण स्त्रीपुरुष वावरतात त्यांच्यापैकी बहुतेकांना बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा डाउन सिंड्रोम असतो. आणि कॉफी, सँडविच, केक असे आजच्या शहरी माणसाच्या सरावाचे पदार्थ ते गिऱ्हाइकांपुढे आणून ठेवतात. मुंबईत जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टचे ‘कॅफे अर्पण’ आहे. या न्यासाने आधी जेवणाचे डबे पोहोचविण्याचा उद्योग आरंभिला आणि उपाहारगृह त्याच्या मागून आले. हुबळीस २०१७ साली अलीना आलम या तरुणीने ‘मिट्टी कॅफे’ काढले. निरनिराळ्या प्रकारची अपंगता असलेल्या माणसांना काम देणाऱ्या या संस्थेच्या शाखा महाविद्यालये आणि कचेऱ्या यांच्या आवारांत पसरत गेल्या, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या हस्ते एका शाखेचे उद्घाटन झाले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विल्मिंग्टन गावी एमी आणि बेन राइट या दांपत्याने, डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या दोन मुलांच्या नावांवरून, ‘बिटी अँड बोज कॉफी’ हे दुकान २०१६ च्या आरंभी उघडले होते.

अशा उपक्रमांविषयी चांगले बोलणारे लोक पुष्कळ भेटतात. परंतु चांगल्या कामाचीही कसून तपासणी व्हावी, किंबहुना चांगल्या कामाची ती अधिक व्हावी, असे मानणारे माझे एक वडीलधारे स्नेही आहेत. त्यांना आम्ही रावसाहेब म्हणतो. त्यांची उभी हयात राज्याच्या कामगार खात्यात गेली. दुकाने, कारखाने आणि खाणावळी यांची दप्तरे पाहणे, हजेरीपट आणि वेतनपत्रक यांचा मेळ घालणे आणि मजुराचा मोबदला कोणी बुडवीत असेल तर त्याला कोर्टापुढे उभे करणे हे त्यांनी व्रतासारखे केले. दुसऱ्या स्नेही म्हणजे बाई. विशेष मुलांच्या शाळेत त्यांनी शिकविले, आणि पुढे त्या शाळेतून बाहेर पडलेल्या मोठ्या मुलांची कार्यशाळा चालविली. मुंबईच्या पश्चिम उपनगरातील अशा एका उपाहारगृहातून आम्ही तिघे एका दुपारी बाहेर पडलो, आणि बाईंच्या घरी पोहोचेपर्यंत व नंतर बराच वेळ जो वाद चालला तो मी येथे नोंदवीत आहे. माझे बोलणे त्यात अत्यल्प होते.

रावसाहेब : बाई, पलीकडच्या मेजावरील गृहस्थांकडे तुमचे लक्ष गेले होते काय? त्यांनी बिनसाखरेचा चहा मागितला आणि समोर आली कॉफी, तीही साखर घातलेली. ती त्यांनी मुकाट्याने घेतली, जाताना पन्नास रुपयांची नोट बशीखाली सरकवली, आणि त्या मुलीच्या गालाला हात लावून ‘शाब्बास’ म्हणून ते निघून गेले. मुलगी म्हणतो मी, पण तिचे वय तीसच्या घरात असावे. हेच गृहस्थ कोपऱ्यावरच्या उडप्याकडे बसले असते तर कप परत गेला असता आणि वर दोन शब्द ऐकविले गेले असते. तिथल्या पोऱ्याला ते कामगार समजतात, आणि हिला समजत नाहीत.

बाई : इथे मी सर्वस्वी तुमच्या बाजूची आहे, आणि काय घडले ते मी तुमच्याहून जवळून पाहिले. मेजावर चित्रांची चिठ्ठी असते. चहाचा कप, कॉफीचा कप, साखरेचा चमचा आणि त्यावर काट मारलेला चमचा. गिऱ्हाइकाने खूण करायची आणि चिठ्ठी द्यायची, एवढीच अपेक्षा आहे. त्या गृहस्थांनी चिठ्ठी बाजूला सारली आणि फोनवर बोलता बोलता तोंडाने सांगितले. चूक निम्मी त्यांची होती. पण पुढची चूक अधिक मोठी. काही चुकले तर ‘माफ करा, बदलून आणते’ असे म्हणायचे, कप उचलायचा, चिठ्ठी पुन्हा घ्यायची, हे तिला शिकविलेले असते, आणि ते शिकायला आमच्या काही मुलांना आठ आठ महिने लागतात. त्या माणसाने तिला ते करूच दिले नाही. दयेपोटी त्याने तिची एक उजळणी बुडविली.

रावसाहेब : मग माझा मुख्य आक्षेप तुम्ही मान्यच केला. या दुकानांचा व्यवहार कॉफीवर चालत नाही, करुणेवर चालतो. गिऱ्हाईक तिथे स्वतःचे मन हलके करायला येते, छायाचित्र काढून घेते आणि जाते. करुणेच्या भांडवलावर उभा राहिलेला धंदा मी कधी टिकलेला पाहिला नाही. पहिल्या दोन वर्षांत वर्तमानपत्रांतून रकाने येतात, नंतर भाडे थकते, आणि शेवटी कुणी देणगीदार मिळतो का याचा शोध सुरू होतो.

बाई : पहिल्यांदा माणूस कळवळ्याने येतो हे खरे आहे. दुसऱ्यांदा यायचे तर पदार्थ चांगला लागतो, आणि जी उपाहारगृहे तगली त्यांनी हे ओळखले. पण तुम्ही कामाकडे पाहा, रावसाहेब. कॉफीचे काम इतके का जमते? कारण त्याला क्रम आहे. भुकटी मापायची, दाबून बसवायची, यंत्राला लावायची, पंचवीस ते तीस सेकंदांत कॉफी उतरली पाहिजे. दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवायचे, त्यापुढे नाही. तेच काम त्याच क्रमाने दिवसातून शंभर वेळा करण्याचा तुम्हा-आम्हाला उबग येईल. स्वमग्न मुलाला त्या क्रमात स्वास्थ्य वाटते, आणि शंभराव्या वेळीही तो पहिल्याइतक्याच काळजीने माप घेतो. आज यंत्रापाशी जो होता त्याच्यासमोर सहा चित्रपत्रे टांगलेली होती. एक पायरी झाली की तो ते पत्र उलटे करी. सहाही उलटी झाली की कप पुढे सरकवी आणि पुन्हा सगळी सुलटी करी. आणि तबक पाहिलेत? कप कुठे ठेवायचा, बशी कुठे, कागदी हातपुसणे कुठे, यांच्या आकृत्या तबकावरच काढलेल्या होत्या. तबक वाकडे होत नाही, काही राहत नाही, कुणाला विचारावे लागत नाही.

रावसाहेब : ही योजकता मला आवडली. ती मी नाकारीत नाही. पण दळण्याच्या यंत्राचा कर्कश आवाज, वाफेचा फुत्कार, दुपारची गर्दी. स्वमग्न माणसाला हे सोसत नाही असे तुम्हीच एकदा म्हणाला होता.

बाई : सगळ्यांना नाही सोसत. म्हणूनच कोणी सकाळी दुकान उघडण्याआधी येऊन केकचे पीठ मळून जातो, कोणी कानांवर आवाज अडविणारे टोप घालतो, आणि कोणाची पाळी चारच तासांची असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात याचीच तरतूद आहे. माणसाला काम करता यावे म्हणून रास्त फेरबदल करून देणे मालकाचे कर्तव्य मानले आहे. आणि एक गोष्ट कायद्याविना आपोआप घडली. सुट्या पैशांचा हिशेब हा आमच्या मुलांचा मोठा अडथळा होता. वर्षानुवर्षे आम्ही खोट्या नोटा छापून तो घोटून घेत असू. आता गिऱ्हाईक गल्ल्यावरच्या चौकटीवर फोन धरते आणि पैसे पोहोचल्याचे यंत्रच मोठ्याने सांगते. जे शिकवायला आम्ही दहा वर्षे घालवली असती ते शिकण्याची गरजच उरली नाही.

या ठिकाणी रावसाहेब थोडा वेळ गप्प राहिले. त्यांच्या स्वभावात प्रामाणिकपणा इतका आहे की समोरच्याचा मुद्दा पटला तर ते दुसरा मुद्दा लगोलग पुढे करीत नाहीत. बाईंच्या घरी पोहोचल्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला, आणि या वेळी तो त्यांच्या मुलखातला होता.

रावसाहेब : काम काम असेल तर वेतन वेतन असले पाहिजे. मी तेथील व्यवस्थापकाला सरळ विचारले, त्यांनीही आडपडदा ठेवला नाही. काहींना पूर्ण वेतन मिळते, आणि जे अजून शिकत आहेत त्यांना मानधन. मानधन म्हटले की भविष्यनिर्वाह निधी नाही, राज्य विमा नाही, हक्काची रजा नाही. वास्तविक राज्य विमा योजनेत अपंग कामगाराला सवलत दिलेली आहे. इतरांना महिना २१,००० रुपयांच्या वेतनापर्यंत विमा मिळतो, अपंगांना २५,००० पर्यंत. पण त्यासाठी आधी माणसाचे नाव हजेरीपटावर चढावे लागते. आणि ‘अजून शिकत आहे’ ही अवस्था किती वर्षे चालायची? एखाद्या कारखान्याने उमेदवाराला सात वर्षे उमेदवारच ठेवले असते तर मी त्याचे दप्तर जप्त केले असते.

बाई : कायद्याने तरी तुम्हाला तसे करता आले असते का?

रावसाहेब : अपंगांच्या बाबतीत नसते करता आले, आणि हे शल्य मला नोकरीभर होते. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या सव्विसाव्या कलमात शासनाला अशी मुभा ठेवली होती की योग्य वाटतील त्या अटींवर अपंग कामगारांच्या वेतनाला हा कायदा लागू करू नये असे फर्मावता यावे. अमेरिकेतही १९३८ च्या श्रमकायद्याच्या चौदाव्या कलमात तशीच पळवाट आहे. मालकाने दाखला मिळवायचा आणि अपंग माणसाला त्याच्या उत्पादनाच्या प्रमाणात किमान वेतनाहून कमी द्यायचे. न्यू हॅम्पशायरने २०१५ साली आपल्या राज्यापुरती ती बंद केली, मागून आणखी काही राज्यांनी केली. या तरतुदी करणारी माणसे दुष्ट नव्हती. कमी वेतनात तरी यांना कोणी कामावर घेईल असा त्यांचा हेतू होता. पण मी अनुभवाने सांगतो, एखाद्या वर्गाला एकदा स्वस्त ठरविले की तो वर्ग त्या भावातच अडकतो.

बाई : तुमचे म्हणणे मला मान्य आहे, पण माझ्यापुढे बसलेल्या आईला मी काय सांगू ते तुम्ही सांगा. शाळा अठराव्या वर्षी संपते. एकोणिसाव्या वर्षी सकाळी सात वाजता मुलगा नेहमीप्रमाणे दप्तर घेऊन दाराशी उभा राहतो, आणि बस येत नाही. पुढे काय? भाग्य असेल तर कार्यशाळा. पुण्याला १९६४ पासून कामायनी आहे. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ सालची, आणि तीही आईवडिलांनी आपल्या मुलीसाठी काढलेली. अशा थोड्या संस्था आहेत, आणि त्यांच्या दारात रांगा आहेत. मी स्वतः कार्यशाळा चालविली, म्हणून तिचे उणे मला ठाऊक आहे. दिवाळीआधी दोन महिने पणत्या रंगवायच्या, उटण्याची पाकिटे भरायची, मेणबत्त्या ओतायच्या; उरलेले वर्ष कागदी पिशव्या, आणि पिशव्यांना मागणी नसली की मणी ओवायचे. ओवलेले मणी संध्याकाळी आम्ही शिक्षिका सोडवून ठेवीत असू, कारण दुसऱ्या दिवशी ओवायला मणी हवेत. मुलांना ते कळत नसे अशी आमची समजूत होती. एक मुलगा एके दिवशी माझ्या हातातून माळ ओढून घेऊन कपाटात ठेवायला गेला, तेव्हा ती समजूत संपली.

रावसाहेबांनी यावर काही म्हटले नाही. बाईंनीच पुढे सुरुवात केली.

बाई : त्या मण्यांच्या मानाने हे उपाहारगृह पाहा. इथे जो कप भरला जातो तो कोणीतरी पितो. त्याबद्दल कोणीतरी पैसे मोजतो. आणि हे सर्व हमरस्त्यावर, काचेच्या दाराआड, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चालते. आमच्या लोकांना आजवर आपण मागल्या खोलीत ठेवले, रावसाहेब. पाहुणे आले की आत, लग्न ठरायचे असले की आत. जो माणूस गल्ल्यावर उभा राहून ‘पुढचे कोण?’ असे विचारतो त्याला आत कोंडणे इतके सोपे राहत नाही.

रावसाहेब : प्रदर्शन मांडणे आणि आत कोंडणे या दोहोंखेरीज तिसरा मार्ग नाही काय? संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांविषयीचा करार २००६ चा. आपण तो २००७ साली स्वीकारला. त्याच्या सत्ताविसाव्या अनुच्छेदात खुल्या आणि सर्वसमावेशक श्रमबाजारातील कामाचा हक्क सांगितला आहे. २०२२ साली त्या कराराच्या समितीने अधिक स्पष्ट केले की वेगळ्या काढलेल्या कार्यशाळांतील काम म्हणजे या हक्काची पूर्तता नव्हे. मग केवळ अपंगांनीच चालविलेले उपाहारगृह हे वेगळे काढणेच नाही काय? भिंती काचेच्या आहेत एवढाच फरक. कॉफीची हजारो दुकाने या देशात आहेत. प्रत्येकाने एकेक माणूस घेतला तर अशा खास दुकानांची गरजच भासणार नाही.

बाई : घेतला तर.

रावसाहेब : सक्ती करता येते.

बाई : सरकारने स्वतःवर केली आहे, तिचे काय झाले? १९९५ च्या कायद्याने अपंगांना सरकारी नोकरीत तीन टक्के जागा दिल्या. त्या अंध, कर्णबधिर आणि हातापायांनी अधू यांच्यात वाटल्या, आणि बौद्धिक अपंगाला त्या कायद्याने अपंग म्हटले खरे, पण जागेत हिस्सा दिला नाही. २०१६ च्या कायद्याने चार टक्के केले. त्यातला एक टक्का बौद्धिक अपंगता, स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून. २०११ च्या जनगणनेत देशात अपंग २ कोटी ६८ लाख मोजले, त्यांत बौद्धिक अपंग सुमारे १५ लाख. या १५ लाखांपैकी कोणी त्या एक टक्क्याच्या वाट्याला जायचे ठरविले तर वाटेत काय आहे? लेखी परीक्षा. ज्याला वाचता येत नाही म्हणून जागा राखून ठेवली त्याला ती जागा मिळविण्यासाठी प्रश्नपत्रिका सोडवावी लागते. साहजिकच त्याच्या नावाची जागा दुसरा कोणी घेतो. आणि खाजगी मालकांवर तर सक्तीच नाही. पाच टक्के अपंग कामावर असावेत म्हणून शासनाने त्यांना उत्तेजन द्यावे, एवढेच कायदा म्हणतो.

रावसाहेब : परीक्षेऐवजी कामाची चाचणी घेता येईल. शिपाई, माळी, उपाहारगृहातील मदतनीस, टपालाची वर्गवारी; या पदांना प्रश्नपत्रिका कशाला हवी? तशी तजवीज व्हावी म्हणून मी स्वतः मसुदा करून द्यायला तयार आहे.

बाई : अवश्य करा. पण खुल्या बाजाराची दुसरी बाजूही ऐका. आमच्या कार्यशाळेतील दोघांना मी खुल्या नोकरीत लावले. एक मोठ्या दुकानाच्या गोदामात गेला, दुसरा एका रुग्णालयाच्या भटारखान्यात. दोघांनाही किमान वेतन, दोघांचेही नाव हजेरीपटावर. तुमच्या मनासारखे सर्व. गोदामातला टिकला. रुग्णालयातला सहा महिन्यांनी परत आला. कामात कुचराई नव्हती, त्यांनीच तसे लिहून दिले. मी आईला विचारले, तिला नीट सांगता येईना. मग मी त्यालाच विचारत राहिले, आणि पुष्कळ दिवसांनी तो एवढेच म्हणाला की डबा एकटा खातो. सहा महिन्यांत जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशेजारी कोणी बसले नव्हते. कोणी छळले नाही, कोणी हसले नाही, आणि कोणी बसलेही नाही. आज तुम्ही पाहिलेत, तीन वाजता दुकान निवळल्यावर ती मंडळी मागच्या मेजावर डबे उघडून बसली होती आणि एकमेकांच्या भाज्यांवरून भांडत होती. वेगळे काढणे वाईट, हे मला शिकविलेले आहे आणि पटलेलेही आहे. पण माणसाला आपल्यासारख्या माणसांची सोबत लागते, हे वेगळे काढणे नव्हे. तुमच्या खात्यातल्या निवृत्त लोकांची दर महिन्याला बैठक होते, त्याला कोणी वेगळे काढणे म्हणत नाही.

मला वाटते, साऱ्या वादातील हा सर्वांत जड मुद्दा होता, आणि त्याला रावसाहेबांपाशी उत्तर नव्हते. कायदा माणसाला जागा देऊ शकतो. शेजारी येऊन बसणारा सहकारी कुठल्याही कलमाने उभा करता येत नाही. तरीही रावसाहेबांनी आपला पक्ष सोडला नाही, आणि त्यांनी सोडू नये असेच मला वाटत होते.

रावसाहेब : सोबतीची गरज मी मानतो. पण त्या सोबतीची किंमत वेतनातून कापली जाऊ नये. बरे, हे वेतन त्यांच्या हाती तरी पडते काय? अठरा वर्षे पूर्ण झाली की आईबाप कायद्याने पालक राहत नाहीत. मुलाच्या नावे बँकेत खाते काढायला गेले तर पालकत्वाचा दाखला मागतात. तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक स्तर समितीकडून आणायचा, समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि तिची बैठक कधी लागेल याचा नेम नाही. मी ओळखतो अशा एका कुटुंबात बापाने मुलीचे काम सोडविले, कारण पगाराची नोंद झाली तर आपल्या पश्चात तिचे कुटुंब निवृत्तिवेतन बंद होईल अशी त्याला धास्ती होती. तो केंद्र सरकारचा नोकर. त्याची धास्ती निराधार नव्हती. १९७२ च्या नियमांत अपंग अपत्याला हे वेतन मिळण्याची अटच अशी की ते अपत्य उपजीविका करण्यास असमर्थ असावे. २०२१ साली मर्यादा सैल केली. इतर उत्पन्न कुटुंब निवृत्तिवेतनाच्या सामान्य दराहून, म्हणजे शेवटच्या वेतनाच्या तीस टक्क्यांहून, कमी असले तर आता हरकत घेत नाहीत. पण त्या बापापर्यंत हे परिपत्रक पोहोचलेच नव्हते.

बाई : आणि असमर्थतेचा दाखला जपून ठेवायचा म्हणून समर्थ मुलगी घरात बसली. ‘आमच्या पश्चात याचे कसे होणार?’ हा प्रश्न मी इतक्या तोंडांतून ऐकला आहे की आता आई बोलायला लागायच्या आधी मला तो ऐकू येतो. या प्रश्नाच्या भीतीने आईबाप मुलाचे आजचे आयुष्य खर्ची घालतात. तुम्ही ते परिपत्रक मराठीत करून प्रत्येक विशेष शाळेच्या फलकावर लावाल तर मोठे काम होईल.

रावसाहेबांनी ते करण्याचे कबूल केले. मग बाईंनी एक हकीकत सांगितली. त्यांचा एक जुना विद्यार्थी अशाच एका उपाहारगृहात मेजे मांडण्याचे काम करतो. त्याच्या चुलतबहिणीचे लग्न निघाले. आईवडिलांनी नेहमीप्रमाणे सगळ्या घराचा मिळून एक आहेर पाकिटात घातला आणि वर वडिलांचे नाव लिहिले. मुलाने दुसरे पाकीट आणले, आपल्या पगारातून एकशेएक रुपये त्यात घातले, आणि त्यावर आपले नाव लिहून द्यावे म्हणून तो बहिणीच्या मागे लागला. लग्नात त्याने ते पाकीट स्वतः वधूच्या हाती दिले, आणि आहेराच्या वहीत आपले नाव चढेपर्यंत लिहिणाऱ्याच्या खांद्याशी उभा राहिला. वडिलांच्या खालची ओळ त्याची होती.

रावसाहेब : हेच तर मी मघापासून मागतो आहे, बाई. तुम्ही आहेराच्या वहीचे सांगता, मी हजेरीपटाचे. त्याच्या नावाची स्वतंत्र ओळ.

बाई : तर मग आपले भांडण वेळेपुरतेच उरले. तुम्ही म्हणता आधी पूर्ण वेतन, पूर्ण हक्क, खुला बाजार, आणि तोवर हे सारे अपुरे. मी म्हणते अपुरे आहे हे मान्य, पण आजची बस गेली तर तो पुन्हा घरी बसेल आणि वर्षभरात शिकलेले सगळे विसरेल. माझ्या मुलांपाशी थांबायला वेळ नाही.

रावसाहेब : आणि मी म्हणतो, ‘आज एवढ्यावर भागवा’ असे ज्याला ज्याला सांगितले गेले त्याचे उद्याही तेवढ्यावरच भागविले गेले.

वाद येथे थांबला, मिटला नाही. मला विचाराल तर अशी उपाहारगृहे निघावीत, आणखी निघावीत, आणि ती हमरस्त्यावरच निघावीत, या बाबतीत बाईंचे म्हणणे मला निःसंशय खरे वाटते. मणी ओवणे आणि सोडवणे यांच्या पलीकडे काही आहे हे ज्यांनी दाखवून दिले त्यांना केवळ अपुरेपणासाठी दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. परंतु त्या उपाहारगृहाची परीक्षा मात्र रावसाहेबांच्याच कसोटीवर व्हावी. तेथे किती जणांना पूर्ण वेतन आहे, उमेदवारीची मुदत किती ठरविली आहे, गेल्या वर्षी कोणाची बढती झाली आणि कोण तेथून शिकून बाहेरच्या नोकरीत गेला, हे प्रश्न चालकांना विचारले गेले पाहिजेत. चांगले चालक या प्रश्नांनी दुखावत नाहीत. त्या दिवशीच्या व्यवस्थापकांनी रावसाहेबांना वेतनपत्रक दाखविण्याचीही तयारी दर्शविली होती.

आणि ज्या वाचकांच्या हाती एखादी कचेरी, रुग्णालय, छापखाना, ग्रंथालय किंवा उपाहारगृह आहे त्यांना माझी विनंती आहे. आपल्या गावातील विशेष शाळेत किंवा कार्यशाळेत एकदा जाऊन यावे, तेथील शिक्षिकांना आपल्याकडील कामे नेमकी सांगावीत, आणि त्यांतील एखादे काम कोणाला जमेल ते त्यांनाच विचारावे. पहिले तीन महिने शिक्षिकेला त्याच्यासोबत येऊ द्यावे. वेतन त्या जागेवर दुसऱ्या कोणाला दिले असते तेवढेच द्यावे, आणि जेवणाच्या सुट्टीत निदान पहिला महिनाभर आपला डबा घेऊन त्याच्या शेजारी बसावे.